दसरा ते दिवाळी: शिंका, रात्रीचा खोकला आणि दमा. तुमच्याकडे काय करता?

सायली_कोथरूड

नमस्कार मंडळी, जाणत्यांचे सल्ले हवेत. लेक नऊ वर्षांची, बालदमा आहे हे गेल्या वर्षी नक्की झालं. पावसाळा तसा बरा गेला, पण पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन चटकायला लागलं आणि नवरात्रापासून परत तेच. सकाळी उठल्या उठल्या शिंकांवर शिंका, नाक चोळून चोळून लाल, डोळे खाजतात आणि रात्री दोन-अडीचला कोरड्या खोकल्याची उबळ येते, उठून बसवावं लागतं. दिवसा बघाल तर एकदम छान, सायकल चालवते, दांडियाला जाते, त्यामुळे घरात कुणाला पटतच नाही की हिला काही आहे.

डॉक्टरांनी ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप सकाळ-संध्याकाळ स्पेसरमधून (पंपाला जोडायचं प्लॅस्टिकचं नळकांडं) आणि धाप लागली तर साल्ब्युटामॉलचा निळा पंप असं दिलंय. सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरीला पंपाची सवय लावू नका, त्यापेक्षा गोळी नाहीतर पातळ औषध द्या. मायेनेच म्हणतात, त्यांचा भाऊ दम्याने गेलाय. शेजारच्या काकू म्हणतात कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध देतात तिकडे न्या. त्यात दिवाळीची साफसफाई तोंडावर आलीय. हे दिवस तुम्ही कसे काढता?

औषधवाला_नाशिक

ताई, माझं औषधांचं दुकान आहे, हा पंप की गोळी प्रश्न रोज ऐकतो म्हणून आधी त्यावरच लिहितो. सासूबाईंना हिशोब सांगून बघा. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची येते, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका गोळीत ४० पफ इतकं औषध. गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, सगळ्या अंगभर फिरते आणि त्यातलं थोडंसं श्वासनळीत पोचतं, म्हणून तर गोळी घेतली की हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथे सूज आहे तिथेच पडतं. स्टेरॉइडचंही तसंच, पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. पंप हा शेवटचा उपाय नाही, पहिला आहे.

दुसरी गोष्ट. नुसता निळा पंप नेणारी गिऱ्हाइकं बघितली की मला काळजी वाटते. निळ्याने नळी तेवढ्यापुरती मोकळी होते, आतली सूज तशीच राहते. म्हणूनच दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये, ज्यांना गिना म्हणतात, २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीन मुलांना एकटा निळा पंप देऊ नका असं स्पष्ट आहे. तुमच्या लेकीला रोजचा पंप दिलाय हे बरोबरच आहे, तो बरं वाटलं म्हणून बंद करू नका.

स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून तसाच निथळत ठेवा, आतून फडक्याने पुसू नका. पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते, औषध भिंतीलाच चिकटून बसतं. एका वेळी एकच पफ स्पेसरमध्ये सोडायचा, दोन एकदम नाही. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायला लावा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

दादरकर_७२

मला लहानपणापासून दमा आहे, आता पन्नाशी उलटली. माझा नियम एकच, ऑक्टोबर उजाडायची वाट बघायची नाही. गणपती विसर्जन झालं की डॉक्टरांकडे एक चक्कर, रोजच्या पंपाचा डोस तोच ठेवायचा की वाढवायचा ते विचारून घ्यायचं, नाकाचा स्प्रे तेव्हाच सुरू. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचे स्प्रे मारल्या मारल्या काम करत नाहीत, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लोक शिंका सुरू झाल्यावर एक दिवस मारतात, गुण आला नाही म्हणतात आणि कपाटात टाकून देतात.

स्प्रे मारायची पद्धतही नीट लागते. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, स्प्रेचं तोंड त्या बाजूच्या कानाकडे. मधल्या पडद्यावर मारलं की आग होते, रक्त येतं. आणि ते नाक चोंदलं की घालायचे थेंब असतात ना, झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनवाले, ते तीन ते पाच दिवसांच्या पुढे नकोत. पुढे थेंबांमुळेच नाक चोंदतं आणि मग थेंबांशिवाय झोप लागत नाही.

मुंबईकरांसाठी सांगतो, पावसाळ्यात समुद्रावरचा जोरदार वारा सगळं धुऊन नेतो, पाऊस परतला की वारा मंदावतो, फिरतो, आणि बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर शहरावरच साचून राहतो. पहाटे तर गार हवेचा थर खाली बसतो आणि वर ऊबदार हवेचं झाकण, त्यामुळे पहाटेची हवा शुद्ध हे समीकरण या दिवसांत शहरात चालत नाही. मी फिरणं दुपारी चारनंतर करतो. समीर ॲपवर हवेचा निर्देशांक बघतो, १०० पर्यंत ठीक, २०१ ते ३०० ला सरकारी भाषेत वाईट म्हणतात, तेव्हा घरातच येरझाऱ्या.

रानवाटा

वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून गवताबद्दल लिहिते, कारण सायलीच्या लेकीचे डोळे खाजणं आणि सकाळच्या शिंका वाचून मला आधी तेच आठवलं. गाजर गवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी, नाव काहीही म्हणा. भारतात त्याची पहिली नोंद १९५०च्या दशकात झाली ती आपल्या पुण्यातच, अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं मानतात. एक रोप हजारो बिया टाकतं. पावसात उगवतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात रिकामे प्लॉट, रेल्वेच्या कडा, शाळांची मैदानं पांढऱ्या बारीक फुलांनी भरून जातात. परागकणांनी शिंका आणि दमा, नुसत्या स्पर्शाने अंगावर खाज आणि चट्टे.

आत्ता फुलावर असताना घाईने उपटायला जाऊ नका, हलवलं की सगळं नाकातोंडात. उपटणाऱ्याने आधी पाणी मारून ओलं करावं, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क, आणि ॲलर्जी असलेल्या माणसाने त्या दिवशी तिकडे फिरकू नये. खरी वेळ जुलै, फूल यायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट निघतं.

दसऱ्याचा झेंडू आणि शेवंतीही याच कुळातली. त्यांचे पराग जड, हवेत फार उडत नाहीत, पण हार ओवताना, तोरणं बांधताना तोंडाशी येतात. मुलीला ते काम देऊ नका एवढंच.

न्यूजर्सीत_मी

रानवाटा, तुमचं वाचून मला माझं कोडं सुटल्यासारखं वाटतंय. इथे ऑगस्टच्या मध्यापासून रॅगवीड नावाचं तण फुलतं, सप्टेंबरात कहर असतो आणि पहिलं कडक दव गोठेपर्यंत चालतं. माझी ॲलर्जी इथे येऊन सुरू झाली, तपासणीत रॅगवीड निघालं. दिवाळीला इथून सुटून पुण्याला आले की बरं वाटायला हवं, पण पुण्यातही नाक तसंच गळतं. दोन्ही नात्यातली झाडं आहेत का?

रानवाटा

हो, एकाच कुळातली, जवळची. रॅगवीडची ॲलर्जी असलेल्याला गाजर गवताचाही त्रास होऊ शकतो, दोघांच्या परागांतली काही प्रथिनं इतकी सारखी आहेत की शरीराला फरक कळत नाही. त्यामुळे पुण्याला येतानाही तुमची औषधं चालूच ठेवा.

दादरकर_७२

आणि सातविणीचं काय? आमच्या सोसायटीत दोन झाडं आहेत, संध्याकाळ झाली की त्या वासाने माझी छाती आवळते. तोडायचा ठराव आलाय.

रानवाटा

तोडू नका हो. सातविणीला कीटक लागतात परागीभवनाला, तिचे पराग गवतासारखे वाऱ्यावर मैलोन् मैल जात नाहीत. तुम्हाला त्रास होतो तो खरा आहे, पण तो उग्र वासाचा आहे, अगरबत्ती किंवा अत्तराने होतो तसा. दोन-तीन आठवड्यांचा बहर असतो, त्या दिवसांत संध्याकाळी त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा. नवी झाडं लावताना रांगेने सातविण लावू नका एवढं मात्र महापालिकांना सांगायला हवं.

गोधडी

साफसफाईवर मी लिहिते, माझ्या दोन्ही मुलांना त्रास आहे. माळा काढायच्या दिवशी मुलं आजीकडे, संध्याकाळी सगळं पुसून झाल्यावरच घरी. कोरडा झाडू आणि पिसांचा झटका बाद, सगळं ओल्या फडक्याने. जळमटं काढणाऱ्याच्या तोंडाला एन ९५.

पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या भिंतीवर हिरवी-काळी बुरशी धरते, ती नुसती रंगाखाली झाकू नका, पोपडे धरून परत वर येते. ओल कुठून येतेय ते आधी बघा. रंगकाम दिवाळीच्या तोंडावर करूच नका, वास आठ-आठ दिवस जात नाही.

ट्रंकेतल्या रजया, गोधड्या थंडी पडायला लागली की घाईघाईने काढून तशाच पांघरायला देतात, तिथे खरा घोटाळा होतो. गादीत आणि उशीत डोळ्याला न दिसणारे धुळीतले किडे असतात, त्यांच्या विष्ठेची ॲलर्जी असते. दमट हवा त्यांना मानवते, म्हणून पावसाळा संपेपर्यंत त्यांची भरपूर वाढ झालेली असते. ऑक्टोबरचं ऊन फुकट आहे, गच्चीत दिवसभर कडकडीत ऊन द्या, पण उन्हाने किडे मरतात, घाण तशीच राहते, म्हणून नंतर झटकून, जमेल ते धुऊन मगच वापरायचं. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात, मशीनवर ६० अंश लावते मी. डांबराच्या गोळ्यांचा वास असलेलं पांघरूण मुलाच्या अंगावर नको.

आणि हात जोडून सांगते, बाथरूम घासताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो. आमच्या मावशींना एकदा असं करताना बघितलं, अंग धरून बाहेर ओढलं त्यांना, चांगल्या धडधाकट बाई, दोन दिवस खोकत होत्या. दमेकऱ्याचं काय होईल विचार करा.

मनोहर_सांगली

कोजागिरीच्या औषधाबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं वाटतात, चांदण्यात ठेवलेली खीर पहाटे देतात, पथ्य असतं. माझ्या काकांना गुण आलाय. हैदराबादला मृगाला जिवंत मासोळीतून देतात तिथेही आपल्याकडची माणसं रांगा लावून जातात. सगळेच मूर्ख कसे असतील?

बालवैद्य_कोल्हापूर

मनोहरदादा, मूर्ख कुणीच नाही. श्वास अडकलेलं मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईबापांनी कुठेही जावं, त्यात हसण्यासारखं काही नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे, माझं म्हणणं फक्त दोन मुद्द्यांवर.

पहिलं, दमा मुळातच चढउताराचा आजार आहे. ऋतू बदलला की आपोआप कमी होतो, कित्येक मुलांचा वयात येताना खूप कमी होतो. त्यामुळे त्या काळात जे काही घेतलं असेल त्याला श्रेय जातं. दुसरं, औषधात काय आहे ते देणारा सांगत नसेल तर देऊ नका. अशा पुड्यांमध्ये कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं निघतं, मग गुण तर येणारच, पण किती पोटात गेलं याचा हिशोब कुणाकडे नाही. सायलीताई, कोजागिरीचं मसाला दूध लेकीला खुशाल द्या. पण कुणी म्हणालं की आता पंप बंद करा, तर तिथून उठून या. माझ्याकडे कोजागिरी ते दिवाळी या दिवसांत जी मुलं धापा टाकत येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा रोजचा पंप महिनाभर आधी कुणीतरी थांबवलेला असतो. हेच मला या धाग्यावर सगळ्यात जास्त सांगायचंय. वैद्यानां शारदी माता असं आपल्याकडे पूर्वापार म्हणतात, शरदात वैद्याकडे गर्दी असायचीच, पण निदान दम्यापुरती तरी ती गर्दी टाळता येते.

रात्री खोकून उठणं ही साधी गोष्ट समजू नका ताई. आठवड्यातून एकदाही होत असेल तरी दमा आटोक्यात नाही असा अर्थ. तिच्या डॉक्टरांना भेटा आणि भेटताना पंप-स्पेसर घेऊन जा, त्यांच्यासमोर तिला घेऊन दाखवायला सांगा. डोस वाढवायच्या आधी घेण्याची पद्धत तपासायची असते.

सायली_कोथरूड

खूप खूप आभार, ४० पफचा हिशोब सासूबाईंना वाचून दाखवला, त्यांनी गोळीचं पाकीट हातात घेऊन स्वतः चष्मा लावून वाचलं. डॉक्टर, अजून एक, तिला रात्री माँटेलुकास्टची गोळीही आहे. ती हल्ली झोपेत दचकते, चिडचिड वाढलीय. खोकल्याने झोप होत नाही म्हणून असेल असं वाटत होतं.

बालवैद्य_कोल्हापूर

हे लगेच तिच्या डॉक्टरांना सांगा, सणानंतर नको. माँटेलुकास्टने काही मुलांमध्ये वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासपणा येतो, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. बऱ्याच मुलांना काही होत नाही आणि उपयोगही होतो, पण बदल दिसला तर चालू ठेवायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. साध्या ॲलर्जीच्या शिंकांसाठी ही गोळी महिनोन् महिने चालू ठेवण्याची पद्धत आपल्याकडे पडलीय, ती मला पटत नाही. रोजचा पंप मात्र त्या नादात बंद होऊ देऊ नका.

फटाक्यांचं विचाराल म्हणून आधीच लिहितो. हरित फटाके आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केले, त्यांतून धूलिकण साधारण ३० टक्के कमी निघतात, म्हणजे उरलेले ७० टक्के नाकात जातातच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली होती, आपल्या गल्लीत काय होतं ते आपण जाणतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या लावून घ्या, दाराच्या फटीत ओला टॉवेल. सगळ्यात जास्त धूर तोंडाशी येतो तो फुलबाजी, भुईचक्र आणि नागगोळीचा, कारण मुलं वाकून बघतात. किल्ला करायला द्या, माती आधी चांगली भिजवून.

बांधावरून_लातूर

उशिरा वाचला धागा. मुलांचं वाचलं, पण आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांचं लई अवघड असतं या दिवसांत. सोयाबीनची काढणी झाली की शेतात सुड्या लागतात आणि मग मळणी यंत्र. यंत्राच्या मागनं जो भुसकटाचा लोट निघतो ना, दोन माणसं एकमेकाला दिसत नाहीत. बाबा पासष्टचे, विडी कधी ओढली नाही, पण मळणीच्या दिवसांत रात्रभर छातीत शिट्टी वाजते, बसून रात्र काढतात. मोंढ्यात पोती उतरवताना पण तेच. बाकी वर्षभर ठीक. हे नुसतं धुळीनं होतं का सोयाबीनचंच काही असतं? आन दवाखान्यात चला म्हणलं की म्हणतात मळणी झाल्यावर बघू.

बालवैद्य_कोल्हापूर

दादा, फार महत्त्वाचं विचारलंत. सोयाबीनचंच असू शकतं. स्पेनमध्ये बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ च्या काळात असं व्हायचं की एखाद्या दिवशी अचानक दम्याचे ढीगभर रुग्ण इस्पितळात, आणि दुसऱ्या दिवशी काही नाही. शोधून काढलं तेव्हा कळलं, बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवून सायलोत, म्हणजे धान्याच्या उंच कोठारात, भरायचे त्याच दिवशी हे होतंय. दाण्याच्या टरफलातल्या प्रथिनाची ॲलर्जी, आणि त्या सायलोला धूळ अडवणारा फिल्टर नव्हता. फिल्टर बसवला आणि ते दिवस थांबले. तुमच्या मळणी यंत्रामागे फिल्टर कुठला. नुसत्या धुळीनेही होतं, भिजलेल्या सुडीतल्या बुरशीनेही होतं, पण कारण काही असलं तरी काकांनी त्या लोटात उभं राहायचं नाही.

मी मुलांचा डॉक्टर, काकांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि स्पायरोमेट्री करून घ्या, फुंकर मारायची तपासणी, सुई टोचत नाहीत. पासष्टीच्या माणसाला रात्री बसावं लागतंय तर हृदयही बघायला हवं, म्हणून मळणी होईपर्यंत थांबू नका.

तोवर एवढं लक्षात ठेवा. बोलताना एक वाक्य पुरं होत नाही, मध्ये श्वास घ्यावा लागतो, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, किंवा आधी वाजणारी शिट्टी थांबली पण धाप तशीच आहे, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन. शिट्टी थांबली म्हणजे बरं वाटलं असं नसतं, कधीकधी हवा जाणंच बंद झालेलं असतं. गाडी येईपर्यंत आडवं निजवू नका, बसवून ठेवा, आणि डॉक्टरांनी निळा पंप दिलेला असेल तर स्पेसरमधून एकेक करत चार पफ.

औषधवाला_नाशिक

लातूरकर, एक भर घालतो. उपरणं तोंडाला बांधून बारीक धूळ अडत नाही. यंत्रावर जो उभा राहील त्याला एन ९५ द्या, वारा ज्या अंगाने येतो त्या बाजूला उभं करा, आणि शेतातले कपडे घराच्या आत आणू नका, अंगणातच बदलायचे.

बांधावरून_लातूर

बरं झालं विचारलं. मशीनवाला परवा येणार आहे. बाबांना उद्या सकाळच्या यष्टीनं उदगीरला बहिणीकडं घेऊन जातो, तिथंच छातीच्या डॉक्टरला दाखवतो. मळणीला मी आन चुलतभाऊ थांबतो.